वासंतीची खोली

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. अंगात येणाऱ्या बाईला मी तोंडावर "झालं असेल तर चहा घ्या" म्हणणारी आहे. तेव्हा हे वाचून मला कुणी ताईत-गंडे सुचवू नयेत. झालं ते सांगते, पटलं तर पटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोष्टी, घर नागपुरात, महाल भागाच्या अंगाला. घरात दोन माग. बाबा आणि काका विणायचे, आम्ही बायका चरख्यावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरायचो. दुपारी शेजारणीही आपापले चरखे उचलून आमच्या ओसरीवर यायच्या. हात कामात, तोंड मोकळं.

माझी मैत्रीण कुसुम वाचनालयातून एक मासिक आणायची आणि मी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. त्यात वासंती नावाच्या मुलीची कादंबरी क्रमशः यायची. एका अंकात सासरच्यांनी वासंतीला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली... आणि ते मासिकच बंद पडलं.

बायांचा जीव टांगणीला लागला. काकू म्हणाली, "तूच सांग ना वं पुढचं. तुले तर वाचता येते." जसं काही वाचता आलं की पुढचं आपोआप कळतंच!

पण मी सांगू लागले. आणि खरं सांगते, इतका आनंद मला तोवर कशातच झाला नव्हता. घरात माझं कोण ऐकत होतं? इथे दहा बाया माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. कागद-पेन घेतलं की डोकं ठप्प व्हायचं, पण हात चरख्यावर फिरू लागले की गोष्ट यायची. सूत तुटलं की गोष्टही थांबायची. मग गाठ मारायची आणि पुढे चालू.

वासंतीची खोली मी अशीच रोज थोडी थोडी सांगितली. उंचावर एकच खिडकी, तिचा मधला गज वाकलेला. दाराची खालची फळी उंदरांनी कुरतडलेली, म्हणून तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. पत्र्यावर मोराचं चित्र, ते उलटं.

"मोर उलटा काहून वं?" कुसुम हसली होती.

"काय माहीत. मले तसाच दिसून राहिला."

फक्त एक जमेना — वासंतीला बाहेर कसं काढायचं. चोर आणून पाहिला, पूर आणून पाहिला, बायांना काही पटेना. मलाही पटत नव्हतं. हात चालायचे, खोली लख्ख दिसायची, दार काही उघडायचं नाही.

तेवढ्यात माझं लग्न ठरलं. मी उमरेडला सासरी गेले. सासूनं खोली दाखवली. उंच खिडकी. वाकलेला गज. दाराला खाली पत्रा, त्यावर उलटा मोर.

मी स्वतःला समजावलं, पत्रे काय, घरोघरी ठोकतात. पण दुसऱ्याच दिवशी सासू बाहेर निघाली आणि जाताना मला आत ठेवून खोलीला बाहेरून कुलूप घातलं. "नव्या सुनेचा काय भरवसा," म्हणाली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई करते ते बरोबरच करते." मग हे रोजचंच झालं. कधी दुपारभर, कधी दिवसभर. माहेरी निरोप पाठवू देत नसत. मला फार भीती वाटायची, आणि भीतीहून जास्त चीड यायची. इथून जिवंत बाहेर पडायचं, एवढंच डोक्यात होतं.

गोष्टीतून काही वाट सापडते का, तेही करून पाहिलं. पण चरखा कुठे होता? रिकाम्या हातांनी मला काही सुचतच नव्हतं.

एका दुपारी अशीच भिंतीला टेकून बसले होते. घरात कुणी नव्हतं. अचानक चरख्याची घरघर ऐकू आली. अगदी आमच्या ओसरीवरच्यासारखी... मग ती थांबली. मी मान वर केली तर दार उघडं. कुलूप कोयंड्यात तसंच लटकत होतं — बंद.

मी विचार करायला थांबले नाही. चपलासुद्धा घातल्या नाहीत, थेट स्टँड गाठलं. नागपूरच्या गाडीत बसले. जवळ पैसा नव्हता, पण कंडक्टर माझ्या शेजारच्यांची तिकिटं फाडून पुढे गेला. मला विचारलंच नाही.

ओसरीवर पोचले तेव्हा बाया कांड्या भरत होत्या. मला पाहून सगळ्यांचे चरखे थांबले. काकूनं तर तोंडावर पदर घेतला.

कुसुम पांढरीफटक पडली होती. "तू... अनवाणी आली?"

"हो. काहून?"

"आज या बायांनी मले धरून बसवलं. म्हणे, तूच संपव आता वासंतीची गोष्ट. मले काही तुझ्यावाणी येत नाही. मी म्हटलं, दार उघडलं. कसं उघडलं ते नका विचारू. ती अनवाणी निघाली, गाडीत तिले कोणी तिकीट मागितलं नाही, अन् ती आपल्या मायच्या घरी आली."

मी तिथेच बसून रडले.

संध्याकाळी दीर न्यायला आला. किल्ली सासूच्या कमरेला होती, कुलूपही बंदच होतं, मग दार कुणी उघडलं, हेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. बाबांनाही लोकांची लाज. म्हणाले, "चूक झाली पोरीची. उद्या मी स्वतः आणून सोडतो."

तेव्हा कुसुम उठली. माझ्या बाबांसमोर ती कधी मान वर करून बोललेली नव्हती. "काका, ती परत जात नाही. मी दुपारी तसंच सांगितलं आहे. विचारा या साऱ्यायले."

काकू म्हणाली, "हो गा भाऊजी. आम्ही ऐकलं." मग दुसरी बाई म्हणाली, मग तिसरी. शेवटी बाबांनी दिराला एकट्यालाच परत पाठवलं.

ते कुलूप बंदच कसं राहिलं आणि दार कसं उघडलं, हे मला आजही सांगता येत नाही. कुसुमलाही नाही. शिकल्यासवरल्या लोकांना विचारून झालं, ते मलाच वेड्यात काढतात. काढोत बापडे. मी परत गेले नाही.