लॅपटॉपच्या जुन्या पट्ट्या

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझा लॅपटॉप बंद पडला. वॉरंटीचा शेवटचा महिना चालू होता.

उन्हाळ्यात धुळ्याच्या एका दुकानात मी त्याची मेमरी वाढवून घेतली होती. चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या काढून आठ-आठच्या बसवल्या. दुकानदार मारवाडी, ओळखीचा. काढलेल्या पट्ट्या त्याने हातातच धरून ठेवल्या.

"भाऊ, या मला देऊन टाका. घरी नेऊन लोणचं घालणार का?"

मी देणार होतो. सोबत आलेले वडील म्हणाले, "मूळ माल दुकानात सोडायचा नसतो."

"नाना, तुम्ही तर स्क्रूसुद्धा मोजून घ्याल."

वडिलांनी स्क्रू मोजून घेतले. ते वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. पट्ट्या त्यांनी घरी नेऊन ठेवल्या. कुठे, ते मी विचारले नाही.

लॅपटॉप बंद पडल्यावर जळगावच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर मिळाले: मूळ पट्ट्या घेऊन या, बाहेरची मेमरी असलेले मशीन वॉरंटीत घेत नाही.

"बठ्ठं जागावर शे," सगळं जागेवर आहे, म्हणत वडिलांनी खाटेखालून हत्यारांची पेटी ओढली. पक्कड, पाने, पेचकस आणि त्यांच्यात दोन्ही पट्ट्या. सगळ्यांवर हळदकुंकू होते. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होत असे. निवृत्तीनंतर ते घरी पेटी पाटावर मांडतात. यंदा पट्ट्याही मांडल्या होत्या.

"नाना, यांच्यावर पाणी शिंपडलं?"

"मंग? कोरडी पूजा करतस का कोनी?"

त्यापेक्षा दुकानात दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे मी म्हणालो. मग आज काय दाखवले असते, असे त्यांनी विचारले. त्यामुळे मी जास्तच चिडलो.

पट्ट्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. चिपांच्या फटींतले कुंकू निघाले नाही. त्या तशाच आणि लॅपटॉप घेऊन जळगावची बस पकडली.

काउंटरवरच्या तरुणीने पट्टी भिंगाखाली धरली. "हे लाल काय आहे?"

"कुंकू. वडिलांनी खंडेनवमीला लावलं."

मागून कोणीतरी म्हणाले, "लॅपटॉपला नवस बोलला होता का?"

तीही हसली. "आम्हीपण प्रिंटरची पूजा करतो, सर. पण बाहेरून." मग तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावले. "इथे पाण्याचा डाग आहे." तिने संगणकावर 'द्रवामुळे नुकसान' अशी नोंद केली.

पाणी पडले तेव्हा पट्ट्या पेटीत होत्या, मशीनमध्ये नव्हत्या, असे मी सांगितले. बंद पडला आहे तो लॅपटॉप, पट्ट्या नव्हेत, हेही सांगितले.

"ते तुम्ही सांगता, सर. पट्ट्या मूळ आहेत ना?"

"मूळच आहेत."

"मग त्या मशीनचाच भाग झाल्या. एका भागावर पाण्याचा डाग असला की अख्खं मशीन वॉरंटीबाहेर जातं."

तिने वरिष्ठांना आत जाऊन विचारले आणि परत येऊन तेच सांगितले. मशीन उघडून न पाहताच मोफत दुरुस्ती नाकारण्यात आली. लॅपटॉप आणि दोन्ही पट्ट्या मी सही करून परत घेतल्या.