तसेच या आत

रहस्यपटांच्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजते. मध्यंतराच्या आत गुन्हेगार कोण ते मी ओळखते आणि शेजारच्याला सांगतेही, त्यामुळे घरातलं कोणी माझ्यासोबत सिनेमाला यायला तयार नसतं. पण एक सिनेमा असा निघाला, की त्यातला गुन्हेगार कोण याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. त्यात माझ्या मावशीचं काम होतं.

सिनेमा पुण्यात घडतो. क्लासला गेलेल्या शाळकरी मुली एकामागून एक नाहीशा होतात. मग एखाद्या सकाळी त्या मुलीच्या चपला तिच्याच दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या सापडतात. मुलींना पळवणारा माणूसच त्या आणून ठेवत असतो. इन्स्पेक्टर त्या चपलांवरून त्याचा माग काढत जातो. कथा चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही.

मावशी कसबा पेठेत राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि जिना असा, की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहावं. दिग्दर्शकाला तो जिना फार आवडला आणि शूटिंगसाठी त्याने मावशीचंच घर ठरवलं. माझं शाळेचं शिक्षण मावशीकडे राहूनच झालं. मी आठवीत असताना मावशीचे यजमान, माझे काका, अपघातात गेले. पुढे शाळेत शिकवत तिने एकटीनेच मला वाढवलं. आता ती निवृत्त झाली आहे आणि नाकावर माशी बसू देत नाही.

शूटिंगची माणसं पहिल्या दिवशी सामान घेऊन वर आली, तेव्हा मावशी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चपला बाहेर." दिवे वाहणाऱ्यांपासून नायकापर्यंत कोणालाही तिने त्यातून सूट दिली नाही. जिन्यात बुटांचा एवढा ढीग झाला, की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आज कोणाचं लग्न आहे म्हणून विचारून गेले. दिग्दर्शक तरुण होता. तो हसला आणि संध्याकाळी तिला म्हणाला, की पळवलेल्या शेवटच्या मुलीच्या आईचं काम आहे, ते बदलून आम्ही आत्याचं करतो, तुम्ही कराल का?

लग्नाआधी आणि नंतरही मावशी गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करायची. काकांनंतर तिने ते सोडलं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्या रात्री मात्र तिने मला धायरीला माझ्या घरी फोन केला. "मला हे काम हवंय," असं ती म्हणाली. मला काही हवंय, असं मावशीच्या तोंडून मी तोवर ऐकलंच नव्हतं.

तिचे प्रवेश दोन. पहिल्यात इन्स्पेक्टर चौकशीला येतो आणि घरातली पोर बेपत्ता असतानाही ही बाई त्याला बूट बाहेर काढायला लावते. तो प्रवेश तिने झोकात केला. अडचण आली ती दुसऱ्याची. इन्स्पेक्टर मुलीला परत घेऊन येतो, आत्या हंबरडा फोडते आणि त्याच्या पायांवर कोसळते, असं लिहिलेलं होतं. मावशीचं म्हणणं, ही बाई असं करणार नाही. निर्मात्याच्या माणसाने तिला स्पष्टच सांगितलं, की जमत नसेल तर मुंबईहून एखादी अभिनेत्री बोलावू आणि दोन्ही प्रवेश पुन्हा घेऊ.

त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेले होते. मावशी दिग्दर्शकाला म्हणाली, "अहो, रडते मी, रडण्याचं काही नाही. पण आधी एकदा माझ्या पद्धतीने करू द्या." तो कबूल झाला. खोलीत गर्दी नको म्हणून मला शेजाऱ्यांकडे बसवलं होतं, त्यामुळे आत काय झालं ते मला दिसलं नाही. सगळं आटोपल्यावर तिला विचारलं, तर म्हणाली की दोन्ही झालं, रडणंही चांगलं झालं, आता त्यांना हवं ते ठेवतील. मग ओट्याशी जाऊन तिने चहा टाकला.

पुढे कित्येक महिने आम्हाला काहीच कळलं नाही. आपलं ठेवलं की रडणं ठेवलं, का सगळंच कापलं? मावशी विचारत नव्हती, पण दर रविवारी पेपरातली सिनेमाची पानं ती आधी वाचू लागली होती.

सिनेमा लागला त्या आठवड्यात आम्ही दोघी सिंहगड रस्त्यावरच्या थिएटरात गेलो. पहिल्या प्रवेशाला, "बूट बाहेर काढा" म्हटल्यावर सगळं थिएटर हसलं. मावशी गंभीर चेहऱ्याने बसून होती. मला मात्र अभिमानाने शेजारच्या अनोळखी बाईला सांगावंसं वाटत होतं.

मग तो प्रवेश आला. बेल वाजते, आत्या दार उघडते. दारात इन्स्पेक्टर. त्याला आता या घराची रीत माहीत झालेली आहे. कोणी न सांगता तो खाली वाकतो आणि बुटाची नाडी सोडायला लागतो. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

आत्या त्याच्याकडे बघतही नाही. ती त्याच्या खांद्यावरून मागे जिन्यात बघते. मग अगदी हलक्या आवाजात म्हणते, "राहू द्या. तसेच या आत."

मी झटकन वळून मावशीकडे पाहिलं.

कारण हे मी पाहिलेलं होतं. आठवीत, दुपारी, त्याच दारात. काकांच्या कारखान्यातले दोघे जण आले होते आणि वाकून चपला काढू लागले होते. मावशी पदराला हात पुसत बाहेर आली, त्यांच्यामागे जिन्यात बघितलं आणि हेच शब्द याच आवाजात बोलली. मावशीने चपलांसकट कोणाला आत घेतलं, याचंच मला तेव्हा नवल वाटलं होतं. ती जिन्यात कोणाला शोधत होती, ते कळायचं माझं वय नव्हतं. त्या दोघांच्या मागे कोणीही नव्हतं.

पडद्यावर मात्र जिन्यातून पावलं वाजली. मुलगी वर आली, अनवाणी, पाय चिखलाने भरलेले. आत्या त्या पायांकडे बघत राहिली. "जा, हातपाय धुऊन घे," ती म्हणाली. "पान वाढते." आणि आत जाऊन तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिने हंबरडा फोडला नाही की कोणाचे पाय धरले नाहीत. त्या दिग्दर्शकाने मावशीचंच ठेवलं होतं. शेजारची अनोळखी बाई हुंदके देत होती आणि मीही.

रिक्षात बसल्यावर मी मावशीचं तोंडभरून कौतुक केलं. तिने ऐकून घेतलं आणि जिन्यातला दिवा फार पिवळा लावला होता, एवढंच म्हणाली.

नंतर कळलं, की ती तो सिनेमा एकटीच पुन्हा पुन्हा बघून येते. एकदा मीही सोबत गेले. मुलीने घरात पाऊल टाकलं आणि आत्या आत वळली, तशी मावशी पिशवी सावरत उठली. खरा पाठलाग तर त्यानंतर होता, गुन्हेगार अजून पकडला जायचा होता. मी म्हटलं, अगं, शेवट तरी बघ.

"त्याला पकडतील की," ती अंधारात पायरी चाचपत म्हणाली. "मी येते ती पोर घरी आलेली बघायला."