अकरा वेळा लिहिलेली सूचना

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी स्वतःसाठी पळवाट शोधीन.

आणे जाऊन नवे पैसे चालू झाले त्या सुमारास मी मुलुंडला एका खोलीत एकटा राहत होतो. कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखितं नीट करून देणं हा माझा घरबसला धंदा. पुढे प्रकाशकांकडचं काम आटत गेलं. आसपास कारखाने वाढत होते आणि त्यांना कामगारांसाठी यंत्रांच्या मराठी माहितीपुस्तिका हव्या होत्या. मी ते काम धरलं. लेखकमित्रांनी टर उडवली. "काय रे, नटाची बोल्टवर प्रीती जडली का शेवटी?" हळूहळू त्यांचं येणंही थांबलं. पूर्वी एका विशेषणावरून माझ्या खोलीत दोन-दोन तास भांडणं व्हायची. आता स्टोव्हवर एक कप चहा ठेवायचा आणि आपणच प्यायचा.

पहिली पुस्तिका पत्रा कापायच्या यंत्राची होती. कारखान्यातल्या फोरमनने ती वहीत लिहून काढली होती. मूळचा मालवणकडचा, पन्नाशीचा माणूस. रविवारी सकाळी घाटकोपरहून यायचा आणि काड्यापेटी, दोरा नि दाढीचं पातं मांडून मला यंत्र समजावायचा. "बोट काढा मास्तर, पातं आहे ते! तुम्हाला माझ्या खात्यात एक दिवस पण ठेवणार नाय." त्या महिन्यात माझ्या खोलीत येणारा तो एकटाच. मी शनिवारीच बिस्किटं आणून ठेवायचो.

वहीत यंत्राच्या देखभालीची अकरा कामं होती आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीला तेच: "बटण बंद करा. चाक थांबलेलं डोळ्यांनी बघा. मगच हात घाला." मला ते खटकलं. पानोपानी तीच वाक्यं, हा कादंबरीत दोष असतो. पहिल्या ठिकाणी मी ती ठेवली. उरलेल्या दहा ठिकाणी तांबड्या शाईने खोडली आणि समासात लिहिलं, 'पुनरुक्ती'. त्याला विचारलंसुद्धा नाही. पुस्तिका सुटसुटीत झाली म्हणून मी खूश होतो.

यंत्रावरचा माणूस पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाही, त्याचं जिथे अडलं ते पान उघडतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या एका कामगाराने अडकलेला पत्रा काढायचं पान उघडलं आणि तिथे लिहिलं होतं तेवढंच केलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मला हे कारखान्याच्या ऑफिसात कळलं. मी दुसऱ्या पुस्तिकेचं काम घ्यायला गेलो होतो. "पुस्तिका लिहिणारा फोरमन, म्हणजे चूक त्याची," मॅनेजर म्हणाले, "त्याला गोदामात बसवलंय." मी मान हलवली. बोललो असतो तर हातचं काम गेलं असतं, आणि परत जायला जुनं काम उरलं नव्हतं. नव्या आवृत्तीत मी ती वाक्यं गुपचूप दहाही ठिकाणी परत घातली. मॅनेजर म्हणाले, "वा, याला म्हणतात बारकाईने बघणं!" मी त्यांचे आभार मानले.

फोरमन रविवारी येईनासा झाला. जिन्यात पावलं वाजली की मला धास्ती वाटायची, आणि ती न थांबता वरच्या मजल्यावर गेली की त्याहून वाईट वाटायचं. असे सात महिने गेले.

शेवटी एका रविवारी मीच घाटकोपरला त्याच्या चाळीत गेलो.

"येवा मास्तर," तो दारातच म्हणाला. "वाट चुकलात काय?"

मी खुर्चीत बसून सांगायला लागलो, तर त्याने हात वर केला.

"माका ठाऊक आसा. छापून झाल्यावर वही परत माझ्याकडेच आली ना! अपघातानंतर ती उघडली, तेव्हा तुमच्या तांबड्या रेघा बघितल्या मी."

"मग साहेबांना का नाही दाखवली?"

"छापायच्या आधी प्रूफ मी पण वाचलंच होतं. काय झकास वाटलं होतं! बायकोला समोर बसवून वाचून दाखवलं, बघ गो, मी लिवलंय म्हणून. त्या दहा जागा माझ्या ध्यानातच आल्या नाय. मग कुठल्या तोंडाने वही दाखवू?" तो माझ्याकडे वळला. "पण तुम्ही यायला हवं होतं, मास्तर. मी म्हटलं, ऑफिसात नाय बोलणार, पोटाचा प्रश्न आहे. निदान हितं तरी येतील. इतके रविवार मी घर सोडून कुठे गेलो नाय."

मी उठून उभा राहिलो. येताना मनात जुळवलेलं सगळं विसरलो होतो.

"चूक माझी," मी म्हणालो. "ती वाक्यं मी तुम्हाला न विचारता काढली. तुम्हाला गोदामात बसवल्याचं साहेबांनी मला सांगितलं, तेव्हाही मी गप्प राहिलो. उद्या मी हे ऑफिसात लिहून देतो. बोटं गेलेल्या त्या कामगाराच्या घरीही जाईन, तुम्ही बरोबर आलात किंवा नाही आलात तरी. मला माफ करा."