कर्णा मावशी आणि बोलकी काठी

आमच्या प्रयोगशाळेत एखादी वस्तू सापडेनाशी झाली की शोधायच्या आधी आम्ही मावशींना विचारायचो. त्या तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर उत्तर द्यायच्या, तेही जिना न उतरता आणि फोन न लावता. म्हणून त्यांचं नाव पडलं कर्णा. अर्थात पाठीमागे, समोर त्या सगळ्यांच्या मावशीच. सकाळी झाडलोट, दुपारी चहा आणि दिवसभर तोंडाचा पट्टा.

मला त्या आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे एका ठिकाणी मी बरी वागले आहे आणि त्यावरून कुणी माझ्याबद्दल भलतंच मत करून घेऊ नये.

मी तेव्हा बोलक्या काठीवर काम करत होते. ज्यांना दिसत नाही त्यांच्या हातात असते तशी पांढरी काठी, पण मुठीत एक छोटं यंत्र. समोर पायरी, खांब, गाडी काहीही आलं की ते ओळखायचं आणि बोलून सांगायचं. आवाजासाठी आम्ही बातम्या वाचणाऱ्या एका बाईंना बोलावलं होतं. काय तो आवाज! "कृपया लक्ष द्यावे. आपल्या समोर एक पायरी आहे." पायरी राहिली बाजूला, नुसतं ऐकत बसावं असं वाटायचं.

चाचणीसाठी तळमजल्यावर एक लांबरुंद दालन होतं. त्यात सुताराकडून करून घेतलेल्या पायऱ्या, पत्र्याचे खांब, अर्धवट उघडं कपाट आणि बरोबर कपाळाच्या उंचीवर टांगलेली कुंडी. आठवड्यातून दोनदा दृष्टी नसलेली आठ-दहा माणसं यायची आणि काठी घेऊन दालनभर फिरायची. त्यांतले घड्याळवाले आजोबा आमचे लाडके. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, साठीत नजर गेली, तरी अजूनही घड्याळ कानाला लावून त्याचं दुखणं सांगायचे. या सगळ्यांनी मिळून शंभरातले चौऱ्याण्णव अडथळे चुकवले होते. मी तो आकडा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला होता आणि येता-जाता बघायचे.

खटकायचं एकच. मावशी तिथे फरशी पुसत असायच्या आणि मध्येच ओरडायच्या. कुणावर, कशासाठी, ते मी कधी कान देऊन ऐकलं नाही. माझ्या लेखी तो नुसता गोंगाट. दोनदा सांगून पाहिलं. "बरं ताई," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी लेखी तक्रार केली: चाचणीच्या वेळी आरडाओरडा करून कामात व्यत्यय आणतात. त्यांच्या नावावरची ती दुसरी. पहिली भांडारातल्या साहेबांची. ओल्या फरशीवरून चिखलाचे बूट घालून गेले म्हणून मावशींनी त्यांचा चारचौघांत उद्धार केला होता. तिसरी तक्रार आली की नोकरी जाते, असा आमच्याकडे नियम होता. तो मला माहीत होता, तरी मी सही केली.

मावशींना चाचणीच्या वेळी दालनात यायची बंदी झाली. मी निवांत झाले, आणि त्याच आठवड्यात काठी बिघडली.

चौऱ्याण्णवचे एकसष्ट झाले. आम्ही बॅटऱ्या बदलल्या, यंत्र खोलून पुन्हा जोडलं. मी प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराला बोल लावला, त्याने सुताराला लावला, सुतार म्हणाला माझ्या पायऱ्या होत्या तिथेच आहेत. महिनाभर नाकी नऊ आले. आजोबांचा गुडघा दोनदा सुजला. "अहो, काठी छान बोलते," ते म्हणाले, "पण तिचं बोलणं संपेपर्यंत मी पडलेला असतो." मी हसले. तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

मग एक दिवस बाहेरची मोठी मंडळी काठी बघायला आली. आजोबा झोकात निघाले. काठी सुरू झाली, "कृपया लक्ष द्यावे. आपल्या..." इतक्यात दारातून आवाज आला, "अहो आजोबा, पायरी!"

चहाचा ट्रे घेऊन मावशी दारात उभ्या होत्या. आजोबांचा एक पाय हवेत तसाच राहिला. एका पाहुण्याच्या हातातली फाइल खाली पडली. आणि त्या शांततेत काठीतल्या बाईंनी गोड आवाजात वाक्य पुरं केलं, "...समोर एक पायरी आहे."

संध्याकाळच्या आत कचेरीतल्या साहेबांनी तिसरी तक्रार लिहिली. शुक्रवारी सुनावणी ठरली.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या खोलीत गेले, तर मावशी कोरडेच कप पुन्हा पुसत बसल्या होत्या. "ताई, माझा आवाज गिरणीतला आहे हो," त्या हळू म्हणाल्या. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. "बावीस वर्षं मागावर काढली. तिथं शेजारणीला हाक मारायची तरी ओरडावं लागायचं. आमच्या ह्यांचे कान तिथंच गेले. आता घरात मीठ मागायचं तरी बोंब ठोकावी लागते. पोरगी म्हणते, आई, हळू बोल. हळू बोलले तर तिच्या बापाला ऐकू येत नाही, मोठ्यानं बोलले तर तुम्हाला सोसत नाही. मी करू तरी काय?" पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, नवरा घरी बसून. सगळं घर या एका पगारावर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी तक्रार माझी होती, हे सांगायला तोंड उघडलं आणि चहा मागून परत आले.

निदान त्या दिवशी नेमकं काय झालं ते तरी बघावं, म्हणून मी काठीतली ध्वनिफीत काढली. मुठीतला माइक प्रत्येक चाचणीचा आवाज टिपून ठेवायचा. आम्ही यंत्राने नोंदवलेले आकडे तेवढे वापरत होतो, आवाज ऐकला कुणीच नव्हता. आमच्या बाईंच्या वाक्याला जवळजवळ चार सेकंद लागत होते. तेवढ्यात आजोबा पाच पावलं टाकतात. मावशींचं वाक्य एका सेकंदात संपलं होतं.

सहज म्हणून मी जुन्या ध्वनिफिती लावल्या, चौऱ्याण्णवच्या काळातल्या. "आजोबा, कुंडी! डोकं खाली!" "अगं पोरी, डावीकडं हो, डावीकडं!" "थांबा थांबा, कपाट उघडंय!" प्रत्येक चाचणीत, फडक्याच्या सळसळीमागून, मावशी. मी एकेक हाक मोजली. आमची काठी बिघडलीच नव्हती. ती पहिल्यापासून एकसष्टचीच होती. वरचे तेहेतीस मावशींचे. आधी मला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं, आणि मग मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

शुक्रवारी मावशी खुर्चीच्या अगदी कडेला टेकून बसल्या होत्या. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर होते, कचेरीतले साहेब होते. मी म्हणाले, "दुसरी तक्रार माझी आहे, ती मी मागे घेते. आणि माझा चौऱ्याण्णवचा आकडा खोटा आहे, तेही लिहून घ्या." मग स्पीकर लावून एकामागून एक ध्वनिफिती ऐकवल्या. खोलीच्या काचा थरथरल्या. साहेबांनी नियमांचं पुस्तक मिटलं. मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे.

"ताई," त्या म्हणाल्या, "जरा कमी करा की. कानठळ्या बसल्या."

सरांना हसू आवरेना. त्यांनी साहेबांच्या हातातला कागद घेतला, तिसरी तक्रार चारदा फाडली आणि विचारलं, "मावशी, काठीला आवाज द्याल का?"

मावशी ठेवणीतले कपडे घालून आल्या. आणि माइकसमोर उभ्या राहून, डोळे मिटून, साखरेत घोळल्यासारख्या बोलल्या, "पायरी आहे हं, जपून." आम्ही हात टेकले. "मावशी, ओरडा ना!" "कुणावर? इथं पडतंय कोण?"

खरंच होतं ते. मग सगळी यंत्रणा दालनात नेली आणि आम्ही एकेक जण डोळे बांधून अडथळ्यांच्या अंगावर चालत गेलो. मावशींचा कर्णा सुटला! सर कपाटावर आपटले, कारण त्यांचं चालणं बघून मावशी हसत बसल्या होत्या. दोन दिवसांत सगळं मिळालं: अहो, अगं आणि अरे, तीन तऱ्हांनी. ज्याला जसं हवं तसं त्याने निवडायचं.

आजोबांसाठी मी न विचारताच "अहो" लावलं. त्यांनी दोन पावलं टाकली आणि थांबले. "मला 'अरे' लावून द्या," ते म्हणाले. "मला अरे म्हणणारं आता कुणी उरलं नाही." मी बटण बदललं. मावशी बादली उचलून बाहेर निघून गेल्या.

नव्या आवाजाने काठी एकोणनव्वदवर गेली. त्या दिवशी मावशींना मुद्दाम बाजारात पाठवलं होतं, म्हणजे शंकेला जागा नको. मी तो आकडा भिंतीवर लावला नाही.

या गोष्टीला वर्ष झालं. परवा दुपारी मी फोनमध्ये बघत रस्ता ओलांडत होते. अचानक मागून कानात शिरलं, "अगं थांब, गाडी!" मी होते तिथून मागे उडी मारली. नाकासमोरून मालाचा टेम्पो गेला. मावशी इथे कुठे, म्हणून वळून पाहिलं, तर काळा चष्मा लावलेली एक अनोळखी मुलगी आमची काठी घेऊन उभी होती. "तुम्हीपण थांबलात वाटतं," ती हसली. "हिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही."

मी तशीच चहाच्या खोलीत गेले आणि मावशींना सगळं सांगितलं. मावशींनी कप विसळता विसळता ऐकून घेतलं.

"म्हणजे भर रस्त्यात तुमच्यावर ओरडले म्हणा की," त्या म्हणाल्या. "मग? तक्रार लिहिणार का?"