दहा म्हणजे दहा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलसाठी मी प्रश्नमंजूषेचा प्रोग्राम लिहिला. पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि दहा सेकंदांत एक ते चारपैकी आकडा दाबायचा. नाही दाबला तर 'वेळ संपली' म्हणून प्रोग्राम पुढे जायचा. वर्गातले बाकीचे प्रोग्राम माणसाची वाट बघत बसायचे. माझा कुणासाठी थांबत नाही, याचा मला भलता माज होता. मैत्रिणीने चालवून पाहिला आणि वैतागली. "आकडा सापडेपर्यंत प्रश्न पळून जाते! काऊन एवढी घाई करून राहिली वो?"

मी म्हटलं, दहा म्हणजे दहा.

खरं तर माज करावा अशी माझी परिस्थिती नव्हती. याच प्रॅक्टिकलमध्ये मी आधी एकदा आपटले होते. पुन्हा नापास झाले असते तर डिग्री लटकली असती आणि कामठ्याला घरी तोंड दाखवायची सोय उरली नसती.

नागपूरहून परीक्षक आले. चष्मा कपाळावर, टायपिंग एका बोटाने. पहिला प्रश्न: कचारगडच्या गुहा कोणत्या तालुक्यात? "सालेकसा," सर मोठ्याने म्हणाले, चष्मा खाली घेतला, तीनचा आकडा शोधला आणि दाबला. तोवर स्क्रीनवर 'वेळ संपली' आलं होतं. पण तो तीन कीबोर्डच्या पोटात तसाच पडून राहिला आणि दुसरा प्रश्न येताच त्याचं उत्तर म्हणून लागला. चूक! मग सर खाली बघून आकडा शोधेपर्यंत दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याला, तिसऱ्याचं चौथ्याला. शेवटी स्क्रीनवर आलं: पाचपैकी शून्य. तुम्ही नापास आहात.

"मी बरोबर सांगून राहिलो ना? मंग हे नापास कायले म्हणते?"

"सर, प्रोग्राम चुकला," एवढंच कसंबसं म्हटलं. कुठे चुकला ते बोलता बोलताच कळलं. नवा प्रश्न विचारण्यापूर्वी आधी दाबलेली बटणं काढून टाकायची राहिली होती. तेवढी ओळ घातली.

सर पुन्हा बसले. आता दोन बरोबर, तीन प्रश्नांची वेळ संपली. पुन्हा नापास.

"अजून चूक आहे का प्रोग्रामात?" पेनचं टोपण काढत त्यांनी विचारलं.

चूक नव्हती. प्रोग्राम आता अगदी बरोबर होता. मला रडूच यायला लागलं.

"आहे सर, एक राहिली," मी म्हटलं आणि दहाचे तीस केले.

सरांनी पाचपैकी पाच काढले, स्क्रीनवरचं 'अभिनंदन' दोनदा वाचलं आणि मगच माझ्या नावापुढे मार्क लिहिले.