आयर्लंडातल्या मेंढ्या, नोएडातला अबोला

लाइट गेली की माणसं बोलायला लागतात. नोएडात एका तळघरात आमचा डबिंगचा स्टुडिओ होता. तिथे लाइट इतक्यांदा जायची की जनरेटर सुरू होईपर्यंतच्या अंधारात एकेकाचा अख्खा जन्म सांगून व्हायचा. किस्से असे साठत गेले. आता त्या तळघरात मोबाइलचं गोदाम आहे म्हणतात. मी बघायला गेलो नाही. जाऊन करायचंय काय!

मी यूपीएससीसाठी दिल्लीला आलेला. मुनिरकाच्या खोलीत बसून सगळे अटेम्प्ट वाया घालवले, आणि तोंड लपवून गावी जाण्यापेक्षा इथे चिकटलो. केबलवर रोज नवं चॅनेल उगवत होतं आणि त्यांना स्वस्तातले परदेशी सिनेमे हिंदीत हवे असायचे. मी हिंदी संवाद लिहायचो. हे सगळे किस्से एकाच सिनेमाचे आहेत. आयर्लंडमधलं एक खेडं, सतत पाऊस, एक मेंढपाळ हीरो आणि शहरातून आलेली तापट मास्तरीण. दोघं आधी भांडतात, मग प्रेमात पडतात. पडद्यावर सगळं गाव हसत असायचं. आमच्याकडे मात्र सुतकी कळा.

* * *

त्या खेड्यात दर पाचव्या मिनिटाला कुणीतरी दारू पितं. आमचे मालक मल्होत्रासाहेब म्हणाले, "फैमिली चैनल है. शराब नहीं चलेगी. शरबत लिखो."

लिहिलं शरबत! मग काय, पाद्री शरबत पिऊन टेबलावर चढतोय, पोस्टमन शरबत पिऊन गटारात पडतोय, आणि मास्तरीण कमरेवर हात ठेवून गावाला विचारतेय, "सच बताओ, शरबत किसने पिया?"

आमचा रेकॉर्डिस्ट हरजीत काचेपलीकडून गंभीरपणे म्हणाला, "भाईसाब, ये वाला शरबत दिल्ली में कहाँ मिलता है? मुझे ज़रूरत है."

* * *

मास्तरणीचा आवाज होता साने काकूंचा आणि मेंढपाळाचा साने काकांचा. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, मयूर विहारचे, एकेकाळी रेडिओवर नाटकं करणारे. काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. चेहऱ्यांवर सुरकुत्या आल्या तरी आवाज विशीतच राहिले होते.

पण हे नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. मुलीनं कॉलनीतल्या एका पंजाबी मुलाशी लग्न केलं. लग्नाला काकू गेल्या, काका गेले नाहीत. त्या दिवसापासून घरात अबोला. मुलगी कॅनडाला गेली. दर रविवारी तिचा फोन यायचा, काकू उचलायच्या, आणि काका उठून बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.

डबिंगमध्ये हे खपून जायचं. आमच्याकडे हीरो-हीरोइन समोरासमोर बोलतच नाहीत. काकू सकाळी येऊन आपली वाक्यं रेकॉर्ड करायच्या. दुपारी काका हेडफोनमध्ये त्यांचा आवाज ऐकत उत्तरं द्यायचे. म्हणजे भांडण झालं, रुसवा झाला, प्रेमही झालं, आणि दोघांची गाठ पडली नाही!

* * *

सिनेमाबरोबर आलेल्या टेपमध्ये मेंढ्यांचा आवाजच नव्हता. परत मागवायला वेळ नाही. काका माइकपुढे उभे राहिले आणि अख्खा कळप काढून दाखवला. म्हातारी मेंढी, कोकरू, हट्टी मेंढा, सगळे वेगवेगळे.

आम्ही टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "इतकी वर्षं सरकारी नोकरी केली. ह्याचा रियाज वेगळा करावा लागला नाही."

त्या दिवशी काकू बाहेर थांबल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना सांग, कोकरू छान झालं."

काका तीन हातांवर उभे होते. मी सांगितलं. काका म्हणाले, "तिला म्हणावं, बरं."

* * *

जाताना कधी कधी दोघं एकाच चार्टर्ड बसमध्ये असायचे. एकदा काकांना झोप लागली आणि मान काकूंच्या खांद्यावर कलंडली. मागचा माणूस भडकला. "अंकल! शर्म कीजिए, लेडीज़ हैं!"

सगळी बस वळून बघायला लागली. आता काकू काय सांगणार? नवरा आहे म्हणावं तर मग बोलत का नाही, हा प्रश्न आलाच. काकूंनी पर्स सावरली आणि म्हणाल्या, "रहने दीजिए. रोज़ का है."

काका जागे होते. डोळे मिटूनच राहिले. हे मला काकांनीच सांगितलं, लाइट गेली होती तेव्हा.

* * *

सिनेमात एक चुंबन होतं. डबिंगमध्ये ते आपल्याच हाताच्या पाठीवर घेतात, आवाज हुबेहूब येतो. काकूंनी सकाळी घेऊन टाकलं, हसतसुद्धा होत्या. दुपारी काका अडले. हरजीत म्हणाला, "अंकल, हाथ आपका, मुँह आपका. दिक्कत क्या है?"

काका पडद्यावरच्या मास्तरणीकडे बघत म्हणाले, "हिच्या बापाला कुणी विचारलं का?"

हरजीतला मराठी येत नव्हती, तरी त्यानं मशीन बंद केलं. त्या दिवशीचं काम तिथेच संपलं.

* * *

आमच्या धंद्यात एक सोय असते. पात्र पाठमोरं असलं की ओठ दिसत नाहीत, तेव्हा त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. लांबलेलं हिंदी वाक्य मी तिथेच कोंबायचो. काका म्हणायचे, "चेहरा कंपनीचा, पाठ आपली."

एकदा हरजीतनं पाठमोऱ्या पाद्र्याच्या तोंडी घातलं, "हे प्रभु, मल्होत्रा साहब को सद्बुद्धि दे, नया एसी लगवा दें." ते तसंच टीव्हीवर गेलं! मल्होत्रासाहेब आपला एकही सिनेमा कधी पूर्ण बघायचे नाहीत.

* * *

पावसाळ्यात काकूंचा आवाज बसला. आधी आम्ही ज्येष्ठमध चघळायला दिला. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि निघाली गाठ. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

मल्होत्रासाहेबांनी फार हळहळ केली आणि विचारलं, "पिक्चर तो पहले पूरी हो जाएगी ना?"

काकूंनी पूर्ण केली. गरम पाण्याचा थर्मास घेऊन यायच्या, चार वाक्यं बोलायच्या, थांबायच्या. मुलीला त्यांनी काही कळू दिलं नव्हतं, तिचे दिवस भरत आले होते. पंधरा दिवस नागपूरला जातेय, एवढंच सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, "तू जरा बाहेर बस." आत त्या आणि हरजीत. बाहेर येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि बोलायला एक शब्द सुचला नाही. संवाद लिहायचो म्हणे मी!

* * *

काकू हॉस्पिटलातून घरी आल्यावर काका उरलेलं काम करायला आले. शेवटचा सीन. मास्तरीण आणि मेंढपाळ टेकडीवरून चालत दूर जातात. दोघंही पाठमोरे. माझ्या स्क्रिप्टमध्ये तिथे एक शब्द नव्हता, नुसती बासरी होती.

काकांनी हेडफोन लावला. बासरीवर काकूंचा आवाज आला, बसलेला, पण स्वच्छ मराठीत:

"अहो, रविवारी तिचा फोन आला की आता तुम्हालाच उचलायचाय."

हरजीतनं टेप थांबवली. हळूच विचारलं, "अंकल, निकाल दूँ?"

काका म्हणाले, "रहने दीजिए."

* * *

चॅनेलला घाई होती. सिनेमा पुढच्याच रविवारी दाखवला. काकांनी मला जेवायला बोलावलं होतं. काकू गळ्याला पांढरा रुमाल बांधून सोफ्यावर बसल्या होत्या, शेजारी पाटी-पेन्सिल. काका दुसऱ्या टोकाला, पेपरात तोंड घालून. पडद्यावर पाऊस, मेंढ्या, आणि काकूंचा तो विशीतला आवाज. मला काही बघवेना. मी वरणभात कालवत बसलो.

शेवटचा सीन यायला अजून बराच अवकाश होता. तेवढ्यात फोन वाजला.

काकूंनी फोनकडे पाहिलं. मग काकांकडे. काका उठले. सवयीनं बाल्कनीच्या दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि थांबले. फोन वाजतच होता. परत आले. रिसीव्हर उचलला.

"हॅलो." पलीकडे मुलगी बहुतेक फोन ठेवायला निघाली. "राँग नंबर नाही. ठेवू नकोस. बाबा बोलतोय."

मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. काकांनी एकदा काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली.

"आई इथेच आहे. बरी आहे. तिचा आवाज ऐकायचाय? थांब."

काका वायर ताणत टीव्हीपर्यंत गेले, गुडघ्यांवर बसले आणि रिसीव्हर स्पीकरला लावून धरला. पडद्यावर मास्तरीण कमरेवर हात ठेवून सगळ्या गावाला विचारत होती,

"सच बताओ, शरबत किसने पिया?"