दोन जावा आणि एक कोड ब्रेक

"मॅडम, तुमच्या त्या अभ्यासातल्या कॅप्सूलनं रक्त पातळ होतं का?"

उदगीरच्या एका खासगी हॉस्पिटलातून सर्जनचा फोन होता. मी लातूरला आमच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत होते. समोर खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला. मी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि बाहेर आले.

"होऊ शकतं," मी म्हटलं. "पेशंट कोण आहे?"

"रुक्मिणबाई. देवणीकडच्या. गर्भपिशवीत गाठी आहेत, रक्तस्राव थांबत नाही. कालच रक्त चढवलं. आत्ता ऑपरेशनला घेतोय. भूल देण्याआधी विचारलं तेव्हा म्हणाल्या, दातांच्या कॉलेजच्या कॅप्सूल सकाळपर्यंत घेतल्यात. तुमचं कार्ड दाखवलं."

रुक्मिणबाई मला चांगल्या आठवत होत्या. त्या आणि त्यांची थोरली जाऊ सुमनबाई, दोघी एकाच जीपनं यायच्या. सुपारी चघळून चघळून दोघींच्या गालांच्या आतलं मऊ अस्तर कडक झालं होतं. या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोंड उघडेनासं होतं. तिखट लागलं की आग होते. दोघी भाकरी वरणात कुस्करून, अगदी लहान घास करून खायच्या. यात पुढे कॅन्सरचा धोकाही असतो.

आमचा अभ्यास याच आजारावर होता. रक्ताभिसरण सुधारणारं एक जुनं औषध इथं किती उपयोगी पडतं, ते बघायचं होतं. अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला हुबेहूब तशीच पण आत औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळालं हे पेशंटला माहीत नसतं आणि मलाही नसतं. माहीत असलं तर आपल्याला हवं तेच दिसायला लागतं, म्हणून ही काळजी. ते गुपित कॉम्प्युटरमध्ये बंद असतं. जिवावर बेतलं तरच उघडायचं. त्याला कोड ब्रेक म्हणतात.

"पुढे ढकलता येईल का?" मी विचारलं.

"ढकलावं लागलं तर ढकलीन. पण रक्त जाऊन राहिलंय, मॅडम. भूलतज्ज्ञ आलेत, रक्ताची पिशवी हाताशी आहे. औषध नसेल तर मी आत्ताच घेतो. तुम्ही फक्त सांगा, आहे की नाही."

मी धावत विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. परवानगी सरांची लागत होती. सरांनी चष्मा काढला.

"कोड फोडला की ती बाई अभ्यासातून गेली. औषध चालू आहे असं धरून चला म्हणावं त्यांना."

"सर, तसं धरलं तर ऑपरेशन थांबतं. रक्तस्राव चालू आहे."

सरांनी कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला. नेट हळू होतं. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं. मी उभीच होते, बसवेना. शेवटी एक ओळ आली. रुक्मिणबाई प्लासिबोच्या गटात होत्या.

मी सर्जनना कळवलं. "औषध नाही. प्लासिबो आहे."

"बरं झालं. घेतो मग."

मी खुर्चीतल्या पेशंटकडे परत आले, पण कामात लक्ष लागेना. सगळं नियमानं झालं होतं, तरी चैन पडत नव्हतं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी सुमनबाई होत्या.

"डाक्टर म्याडम, एक इचारू का?"

"विचारा की. रुक्मिणबाईंना आत नेलं का?"

"हाव, नेलं. डाक्टर म्हनले, तिच्या गोळीत औषध नव्हतंच, काळजी करू नका." मागे हॉस्पिटलातला गलका ऐकू येत होता. "म्याडम, एकीची गोळी दुसरीनं खाल्ली तर काय होतंय?"

"कुणी कुणाची खाल्ली?"

"तुम्ही आमाला काढून टाकचाल."

"सुमनबाई, कोणी काढत नाही. पटकन सांगा."

"आमी दोघींच्या गोळ्या एका डब्यात मिसळलाव. पैल्यापासून. दोघी त्यातनंच खात होताव."

सुमनबाईंच्या कॅप्सूलमध्ये औषध असेल, तर त्यातलं रुक्मिणबाईंच्याही पोटात गेलेलं. माझ्या शब्दावर विसंबून भूलतज्ज्ञ त्यांच्या पाठीच्या कण्यात भुलीची सुई टोचणार होते. रक्त पातळ असेल तर तिथं आतल्या आत रक्त साठून मज्जातंतू दाबले जाऊ शकतात, आणि पुढे ऑपरेशनमध्ये रक्त थांबणार नाही ते वेगळंच.

ओपीडीतल्या दुसऱ्या फोनवरून सर्जनना लावला. रिंग जात राहिली. रिसेप्शनचा नंबर बिझी. सुमनबाई अजून माझ्या मोबाइलवर होत्या.

"सुमनबाई, आत्ताच्या आत्ता ऑपरेशनच्या दाराशी जा. फोन चालू ठेवा. डॉक्टरांना बाहेर बोलवा. सांगा, लातूरच्या मॅडमनी थांबायला सांगितलंय."

त्यांच्या चपलांचा आवाज आला. मग एका नर्सचा.

"बाई, इथं थांबता येत नाही."

"थांबते मी. आधी डाक्टरला भायेर बोलवा."

"ते हात धुऊन आत गेलेत."

"मंग हाक मारा. न्हाईतर मी मारते."

आणि त्यांनी मारली. ज्या बाईचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, तिचा आवाज फोनमधून माझ्या कानात घुसला. "डाक्टरसाहेब, माझ्या जावंला सुई लावू नका." मग दार आपटल्यासारखं झालं, कोणीतरी रागावलं, आणि पुढे काहीच ऐकू येईना. मी ओपीडीच्या खिडकीशी उभी होते. हातातला ग्लोव्ह काढायचा राहून गेला होता.

शेवटी सर्जनचा आवाज आला. "काय झालं मॅडम?"

"भूल दिली?"

"तिला बसवलंय. देणारच होतो."

मी सांगितलं. ते म्हणाले, "दुसरीचा कोड बघा. तोवर थांबतो."

मी पुन्हा सरांच्या केबिनमध्ये. "आता दुसरी पण?" सर म्हणाले. कारण सांगितल्यावर मात्र त्यांनी लगेच कॉम्प्युटर उघडला. सुमनबाईंच्या कॅप्सूलमध्ये औषध होतं.

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. कॅप्सूल बंद केल्या, रक्तस्राव कमी करायची इंजेक्शनं दिली, तपासण्या पुन्हा केल्या. ते दिवस माझे वाईट गेले. जेवताना फोन ताटाशेजारी असायचा. सर्जननी ऑपरेशन उरकल्याचं कळवलं तेव्हाच मला नीट झोप लागली. आधीचा रक्तस्राव कॅप्सूलमुळे वाढला होता का, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "गाठी होत्याच. बाकी कोण सांगणार?" ते उत्तर मला आजही पुरत नाही.

पुढे टाके काढल्यावर दोघी लातूरला आल्या. मी विचारलं, "मी दहा वेळा सांगितलं होतं ना, आपापलीच घ्यायची?"

सुमनबाई बोलल्या. "तुम्हीच सांगितला होताव, एकीला खरं औषध मिळंल, एकीला मिळणार न्हाई. आमचे मालक बांधावरून भांडून एकमेकांशी बोलत न्हाईत. आमी दोघीच बोलताव. सुपारी दोघींनी एका अडकित्त्यानं कातरून खाल्ली. मंग एकीनं बरं व्हायचं आन् दुसरीनं तसंच राहायचं, हे कसं जमावं? म्हनून अर्धं अर्धं केलाव."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते शास्त्राचं होतं. मी फक्त एवढंच सांगितलं की, अर्धं अर्धं केल्यानं दोघींचा फायदा झाला नाही आणि डॉक्टर मात्र फसला. सुमनबाईंनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

एथिक्स कमिटीला सगळं लेखी कळवलं. ही कमिटी अभ्यासातल्या माणसांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवते. त्यांनी बाकीच्या सगळ्यांना विचारायला लावलं. मी एकेकाला फोन केले. भोकरकडचे एक बापलेक सहज म्हणाले, "हाव, घरात संपल्या की एकमेकांच्या घेतो." आणखीही काही निघाले. त्या सगळ्यांची नोंद झाली आणि आमचा निष्कर्ष लंगडा पडला. औषध आणि प्लासिबो यांत फरक दिसला, पण ठामपणे म्हणावं एवढा नाही. आमचा शोधनिबंध एका जर्नलनं परत पाठवला. सर काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. नंतर त्यांनीच तो प्रकार जसाच्या तसा निबंधात लिहायला लावला.

दोघी जावा अजून येतात. सुपारी सुटली आहे. तोंडाचे व्यायाम करतात. आता दोघींनाही उघडपणे औषध चालू आहे.

नव्या अभ्यासात आम्ही एका घरातली माणसं एकाच गटात घालतो. संमती घेताना पहिला प्रश्न असतो, "सोबत कोण आलंय?" आणि गोळ्या वाटून घेऊ नका एवढंच सांगून मी आता थांबत नाही. वाटून घेतल्या तर मला फोन करून सांगा, मी रागावणार नाही, हेही सांगते. असे फोन येतात. रागही येतो. तो फोन ठेवल्यावर काढायचा.